एमिलिया (1788) या व्हेलिंग जहाजाची माहिती कुठे शोधू?

सागरगोटा:
नमस्कार मंडळी, दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला, वळसा घालून पॅसिफिकमध्ये देवमासे मारायला गेलेलं पहिलं जहाज म्हणजे लंडनच्या एन्डरबी कंपनीचं एमिलिया. मोबी डिक या कादंबरीत उल्लेख वाचला आणि डोक्यातून जाईचना, पण तिथे नाव अमेलिया आणि साल 1778 दिलंय, बाकी सगळीकडे एमिलिया आणि 1788. कुठलं धरू? आणि एखाद्या जहाजाची कारकीर्द शोधायला सुरुवात कुठून करतात?

दर्याकिनारी:
ताई, 1788 च धरा. 1778 मध्ये अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध ऐन भरात होतं, आणि एमिलियाची सगळी गोष्ट त्या युद्धानंतरची आहे. युद्धाआधी लंडनचं बरंचसं देवमाशाचं तेल अमेरिकेतल्या नँटकेट बेटावरून यायचं, युद्ध संपल्यावर इंग्लंडने परक्या तेलावर टनाला 18 पौंडांच्या वर ड्युटी लावली, नँटकेटवाल्यांचा बाजारच बसला आणि त्यांच्यातले कितीतरी कसलेले लोक इंग्लिश जहाजांवर चढले. एमिलियाचा कॅप्टन जेम्स शील्ड्स, पण 3 मार्च 1789 ला चिलीच्या किनाऱ्याजवळ पहिला स्पर्म व्हेल (देवमाशाची एक मोठी जात) मारला तो फर्स्ट मेट, म्हणजे कॅप्टनच्या खालचा अधिकारी, आर्केलस हॅमंडने, आणि हा हॅमंड नँटकेटचाच! लेखात नुसती कॅप्टनची आणि मालकाची वाहवा करू नका एवढीच विनंती, हॅमंडला नीट जागा द्या.

12 मार्च 1790 ला जहाज लंडनला परत आलं ते 139 टन स्पर्म ऑइल घेऊन. हा टन वजनाचा नाही हं, पिंपांचं माप आहे, 252 गॅलनचा एक. म्हणजे 35,000 गॅलन तेल एका फेरीत. ते बघून बाकीच्यांनीही लगेच केप हॉर्नची वाट धरली.

पुणेरी_वाचक:
शोधायचं कसं त्याबद्दल सांगतो. लॉइड्स रजिस्टर म्हणजे जहाजांची वार्षिक नोंदवही, तिचे जुने खंड स्कॅन करून ऑनलाइन फुकट ठेवलेत, तिथे वर्षागणिक जहाजाचं नाव, कॅप्टन, मालक, कुठे बांधलं वगैरे मिळतं. मात्र नुसत्या नावावर जाऊ नका, मी स्वतः फसलोय. मी ब्रिटानिया नावाच्या जहाजाच्या मागे होतो, आणि त्या नावाची निघाली दोन. एक एन्डरबींचं, थॉमस मेलव्हिल कॅप्टन, 1791 मध्ये कैदी घेऊन सिडनीला गेलं आणि मग तिथेच देवमाशांच्या मागे लागलं, आणि दुसरं विल्यम रेव्हनचं, ते पुढच्याच वर्षी सिडनीला पोचलं. मी दोघांच्या फेऱ्या एकत्र करून बसलो होतो, सगळं परत करावं लागलं. म्हणून नाव, कॅप्टन, मालक तिन्ही जुळल्याशिवाय नोंद उतरवून घेऊ नका. रजिस्टरमधली माहिती कधीकधी वर्ष दोन वर्षं शिळी असते तेही लक्षात ठेवा. दुसरं म्हणजे ब्रिटिश सदर्न व्हेल फिशरीचा, म्हणजे दक्षिणेकडच्या समुद्रांत जाणाऱ्या ब्रिटिश व्हेलिंग जहाजांचा, डेटाबेस आहे, फेऱ्या आणि माणसं दोन्ही शोधता येतात, पहिल्यांदा तोच उघडा.

बॉस्टनवाली_मावशी:
कुणी इकडे येणार असेल तर मिस्टिक सीपोर्ट या म्युझियममध्ये चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन हे जहाज बघाच. 1841 चं आहे, म्हणजे एमिलियाच्या बरंच नंतरचं आणि अमेरिकन, पण लाकडी व्हेलिंग जहाज आता तेवढं एकच उरलंय. डेकवर विटांची भट्टी आहे, चरबी वितळवायची, लाकडी जहाजावर भर समुद्रात आग! खाली खलाशांच्या झोपायच्या जागेत उतरले तर मला नीट उभंही राहता येईना, इथे माणसं दोन दोन तीन तीन वर्षं काढायची हे मनात आलं आणि गलबलून आलं. न्यू बेडफर्डचं व्हेलिंग म्युझियमही छान आहे, तिथे लागोडा जहाजाची अर्ध्या आकाराची प्रतिकृती आहे, लहान मुलं असतील तर आधी तिथे न्या.

सागरगोटा:
खूप आभार सगळ्यांचे. काल रात्री डेटाबेस उघडला आणि एक वाजेपर्यंत उठलेच नाही. दर्याकिनारी, लेखाची सुरुवात आता हॅमंडपासूनच करतेय. मावशी, त्या भट्टीचा फोटो असेल तर इथे टाका ना.