मदत हवी आहे: पिक्चर संपले, आज रात्री कोनता लावू?

जागल्या_सेलू
या महिन्यात 17 पिक्चर झाले. सगळ्यात भारी शोले, सगळ्यात बेकार सैराट. आता काही सुचून नाही रायलं. हिंदी-मराठी कोनताबी चालते, पण लांब पाहिजे. लवकर सांगा, आठ वाजता वावरात जाचं आहे.

चित्रवेडा_पुणे
सैराट बेकार?? 2016 मध्ये थिएटरात लोक खुर्च्या सोडून नाचत होते हो. असो. तुम्ही विदर्भातले दिसता, तर सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' (2009) पाहाच. नवरा जिवाचं काही बरंवाईट करेल या धास्तीने बायको पोराला त्याच्या मागे पाळतीवर ठेवते. अगदी शांत सिनेमा. हेडफोन लावा, आजूबाजूला अंधार हवा.

वणीचा_मास्तर
वावरात कशावर पाहता? नेटवर्क आहे की घरून उतरवून नेता? चार्जिंग किती टिकते?

आर्वीकर
हेडफोन काहून सांगता बाप्पा? जागलीवर कान मोकळे पाहिजे. मागून रोही (नीलगाय) आला तर समजन का?

चित्रवेडा_पुणे
जागल म्हणजे?

आर्वीकर
पीक राखाले रात्रभर वावरात बसनं. तुमच्याकडं सोसायटीत वॉचमन असते ना, तसं. पगार नसते फक्त.

जागल्या_सेलू
अरे यार, मी कुठं पाहून रायलो! मी शेकोटीपाशी बसतो. मोबाईल खिशात, स्पीकर मचानीले टांगला. पिक्चर डुकरांसाठी आहे. हरभऱ्याले घाटे धरले, रोज कळप येते. शोले लावला त्या रात्री एकबी नाही आलं. सुरुवातीलेच रेल्वेवरचा गोळीबार, मंग गब्बर. सैराट झिंगाटपर्यंत चांगला चालला. पन शेवटी आवाजच नाही ना त्यात! त्या रात्री मी मोबाईलमध्ये पाहत बसलो होतो. इकडं मी डोळे पुसून रायलो, तिकडं चार तास सपाट.

आर्वीकर
चार घंटे की चार तासं?

जागल्या_सेलू
पिकाचे तासं, भाऊ. ओळी.

कास्तकार_7
पिक्चर सोडा, तारेच्या कुंपनाले लावाची झटका मशीन घ्या. सोलरवर चालते. दोन वर्षं झाले, माझ्या वावरात डुक्कर नाही.

आर्वीकर
अन् बांधावरचं गवत तारेले टेकलं की झटका अर्धा. रोज विळा घेऊन कोन फिरन? आमच्याकडं तर एकानं वैतागून लायनीचा करंटच सोडला होता.

कास्तकार_7
त्याचं नावबी नका काढू. डायरेक्ट करंटनं मानूस मरते, वाघ मरते, अन् केस होते. मी झटका मशीन म्हनलो. त्यात धक्का बसते, जीव जात नाही.

वणीचा_मास्तर
नुकसान झालं असेल तर वनविभागाकडे लगेच अर्ज करा, पंचनामा करून घ्या. फोटो काढले का? सातबारा कोणाच्या नावावर आहे?

जागल्या_सेलू
मास्तर, मी पिक्चर विचारून रायलो.

नवीन_सभासद
कापसाला आज काय भाव आहे?

चित्रवेडा_पुणे
मग शोलेच रोज लावा की.

जागल्या_सेलू
लावला ना. चौथ्या रात्री गब्बर वरतं ओरडून रायला अन् डुकरं खालतं चरून रायले. सवय होते त्याईले. म्हनून रोज नवीन पाहिजे.

चित्रवेडा_पुणे
हे मला सुचलंच नव्हतं! गँग्ज ऑफ वासेपूर, 2012. दोन्ही भाग मिळून पाच तासांच्या वर.

शेजारीन
शिव्या नका लावू हो भोंग्यावर! शेतीची लाईन रात्रीचीच असते. आमी घरचे सगळे तिथंच ओलीत करतो, सासरेबी असते. अगोदरच आमच्या पोट्ट्याले गब्बर पाठ झाला.

आर्वीकर
लगान लाव. 3 तास 44 मिनिटं.

कास्तकार_7
त्यात मॅच सुरू होईपर्यंत डुकरं जेवून घरी जातीन. एलओसी कारगिल लाव, 2003 चा, जे. पी. दत्ताचा. 4 तास 15 मिनिटं, नुसत्या तोफा.

जागल्या_सेलू
हे पाहा, याले म्हनते मदत! उतरवून रायलो. 82 टक्के झाला. निघतो.

चित्रवेडा_पुणे
सकाळी कळवा. आणि गाभ्रीचा पाऊस दिवसा तरी पाहा.

जागल्या_सेलू
सकाळचे साडेसहा. मास्तर, तुमचा तो चार्जिंगवाला प्रश्न. स्पीकर दीड वाजता बंद पडला. लढाई अर्धीच झालती. आनखी दोन तासं गेले.