कंबाईनचा फीडर माल गठ्ठ्यागठ्ठ्याने ओढतोय, चेन खडखडतेय – काय तपासू?

काळेरान
नमस्कार मंडळी. कंबाईन जुनं आहे, दुसऱ्याकडून घेतलेलं, मळणीच्या साध्या आडव्या ड्रमचं. फीडरमध्ये (कापलेला माल ड्रमपर्यंत नेणारा भाग) दोन चेनी आणि त्यांवर आडव्या पट्ट्या. मोकळं चालवलं की पट्ट्या खालच्या पत्र्यावर खडखडतात. सोयाबीन जरा हिरवट लागली की फीडर सलग ओढत नाही. तोंडाशी माल साठतो, मग एकदम गठ्ठा आत जातो, मळणीचा ड्रम दबतो आणि फीडरचा क्लच (माल अडला की सुटणारा) करकरायला लागतो. ताणायचे बोल्ट दोन्हीकडून आवळून बघितले, फरक नाही. हा हंगाम याच चेनींवर काढायचा आहे. नवीन घ्यायची सोय आत्ता नाही, तेव्हा तेवढं सोडून काहीही सांगा.

सुगीवाला
नवीन चेन टाका, विषय संपला. मी 550 नंबरची चेन काढून 557 नंबरची टाकली. पिच (दोन पिनांमधलं अंतर) तोच, 41.4 मिमी, पण जड कामाची. त्यानंतर फीडरकडे वळून बघावं लागलं नाही. जुन्या चेनीवर हंगाम काढायला गेलात तर ऐन कापणीत तुटेल आणि तुटलेली पट्टी ड्रममध्ये गेली की चेनपेक्षा मोठं काम निघेल.

काळेरान
दादा, वर लिहिलंय की नवीन आत्ता नको.

पान्हा_एकोणीस
एक कडी कमी करा. बोल्ट शेवटाला आले असतील म्हणून फरक पडत नसेल. कडी काढली की पुन्हा ताणायला जागा मिळते. मात्र दोन्ही चेनींतून सारख्याच कड्या काढायच्या. एकीकडे जास्त आणि एकीकडे कमी झाल्या तर पट्ट्या तिरक्या चालतात आणि बाजूचा पत्रा घासून जातो.

शिवारकर
आवळू नका हो कुणाचं ऐकून! आमच्या मशीनचा क्लच असाच करकरायचा. ऑपरेटरने स्प्रिंग आवळत आवळत पार बसवून टाकली. करकर थांबली, सगळे खूश. मग ओल्या तणाचा गठ्ठा आला, क्लच सुटला नाही आणि वरचा शाफ्ट पिळवटला. स्प्रॉकेटची (चेनच्या दातेरी चाकाची) चावी कापली गेली ती वेगळीच. क्लच करकरतो तो काहीतरी अडलंय हे सांगायला. स्प्रिंगला हात लावायचा नाही.

सुगीवाला
क्लचचे दाते गोल झाले असतील तर तो विनाकारणही सुटतो. ते बघायला काय हरकत आहे?

शिवारकर
दाते बघा ना, बघायला कोण नको म्हणतंय? स्प्रिंग आवळू नका एवढंच सांगतोय.

हिरवीकाडी
चेनला तेल सोडता का? आम्ही रोज सकाळी जळकं ऑईल सोडतो. मशीन अगदी गुपचूप चालतं.

पान्हा_एकोणीस
फीडरच्या चेनला रोज तेल म्हणजे धुळीला आमंत्रण. माती आणि तेल मिळून रोलरवर घासणारी लेप बसते, कड्या लवकर खातात. बाहेरच्या ड्राइव्ह चेनचं वेगळं, तिला तेल हवंच.

हिरवीकाडी
आमची चेन अजून पहिलीच आहे, एवढंच सांगतो.

पान्हा_एकोणीस
किती एकरांवर चाललीय तेही सांगा मग.

ओळंबा
तेलाचं बाजूला ठेवा, मूळ प्रश्न राहिला. काळेरान, आधी एक गोष्ट. फीडर उघडायच्या आधी हेडर (पुढचा कापणीचा भाग) पूर्ण वर घ्या, तो उचलणाऱ्या सिलिंडरवर लोखंडी अडणी टाका, इंजिन बंद करा आणि किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवा. चालू मशीनमध्ये हाताने गठ्ठा ओढणारे रोज दिसतात. कृपा करून ते करू नका. पट्टी हात धरते तेव्हा मागे ओढायला वेळ मिळत नाही.

आता तुमच्या लक्षणांचं. तोंडाशी साठणं आणि मग गठ्ठा जाणं, हे चेनीच्या वयापेक्षा पुढच्या ड्रमच्या उंचीचं काम वाटतंय. फीडरच्या तोंडाशी ज्या रिकाम्या ड्रमवरून चेन वळते तो तरंगता असतो. हा मळणीचा ड्रम नव्हे. माल जास्त आला की वर उचलायचा, कमी झाला की खाली बसायचा. त्याला दोन्ही बाजूंना अडण्या असतात आणि बऱ्याच मशीनना दोन जागा दिलेल्या असतात: कणसांसाठी वरची, बारीक पिकांसाठी खालची. सोयाबीनला खालची. आधीच्या मालकाने मका कापला असेल आणि ड्रम वरच राहिला असेल तर पट्ट्या मालापर्यंत पोचतच नाहीत. ढीग उंच झाला की मगच पट्टी त्याला धरते. म्हणून गठ्ठा.

ड्रमखाली पट्टी आणि पत्रा यांच्यात साधारण पेन्सिल आडवी सरकेल एवढी फट हवी. नेमका आकडा तुमच्या मशीनच्या पुस्तकात असेल, तो पाळा. ड्रम हाताने किंवा पहारीने उचलून बघा, दोन्हीकडे सारखा उठतो आणि आपोआप खाली बसतो का ते. काड आणि माती अडणीखाली बसून तो अडकतो, हे नेहमीचं.

ताण कसा बघायचा: वरचं झाकण उघडून मधली पट्टी हाताने उचला. 2 ते 3 इंच उठली तर ठीक. अजिबात उठत नसेल तर तुम्ही जास्त आवळलंय. तेवढ्याने बेअरिंग आणि स्प्रॉकेट दोन्ही जातात. पुस्तकात दुसरा आकडा असेल तर तो धरा.

आणि चेन खरंच वाढलीय का हे अंदाजाने बोलू नका, मोजा. ताणलेल्या बाजूवर 10 कड्या, पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत. नव्या चेनीत 414 मिमी भरतात. 426 च्या पुढे गेली असेल तर 3 टक्के वाढली, ती काढायचीच. दोन्ही चेनी मोजा.

सुगीवाला
मोजून काय होणार? जुनी ती जुनीच. नवीन टाका.

नांगरट
मी तर म्हणतो स्वतःचं कंबाईन ठेवूच नये. भाड्याचं बोलवा, कापून जातं, चेन त्याची, बेअरिंग त्याचं, डोकेदुखी त्याची.

शिवारकर
भाड्याचं मशीन आपल्या शेतात कधी येतं? सगळ्यांची कापून झाल्यावर. तोवर शेंगा फुटून निम्मी सोयाबीन जमिनीवर. स्वतःचं आहे तर तेच नीट करावं.

नांगरट
मग दर हंगामात असे धागे काढत बसा.

लोहारकाका
ओळंबा बरोबर सांगतात. माझी दोन पैशांची भर. खडखड वाकलेल्या पट्टीचीही असते. चेन हळूहळू हाताने फिरवून एकेक पट्टी बघा. वाकलेली असेल तर तेवढीच पत्र्याला लागते आणि पत्र्यावर चकचकीत ओरखडा दिसतो. ओरखडा दिसला की पट्टी सापडली. नटबोल्ट आणि रिव्हेट हलवून बघा. स्प्रॉकेटचे दाते आकड्यासारखे एका बाजूला वळलेत का तेही बघा, कारण अशा दात्यांवर नवी चेनसुद्धा लवकर खराब होते. सुगीवाल्यांनी चेन बदलताना स्प्रॉकेट बदलले होते का?

सुगीवाला
नाही. गरज पडली नाही.

हिरवीकाडी
ऑगरची (हेडरमधला माल मधे आणणारा स्क्रू) आतबाहेर होणारी बोटं बघितली का? बोटं माल फीडरला सोडून वेळेत आत गेली नाहीत तर माल ऑगरभोवती परत फिरतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं फीडरच ओढत नाहीये.

ओळंबा
हे महत्त्वाचं. ऑगरमागची पट्टी त्याच्या पात्याच्या जवळ आहे ना, तेही बघा.

काळेरान
सगळ्यांचे आभार. उघडलं. ड्रमची डावी अडणी मक्याच्या जागेवर, उजवी खालच्या जागेवर! उजवीकडे अडणीखाली माती आणि काडाचा दगडासारखा थर बसला होता, तो छिन्नीने काढावा लागला. दोन्ही खाली घेतल्या. ड्रम आता दोन्हीकडून सारखा उठतो.

दोन पट्ट्या वाकल्या होत्या, खाली ओरखडा काकांनी सांगितला तसाच. काढून सरळ केल्या, नवीन बोल्ट टाकले. ताण जास्त होता, सैल करून पट्टी अडीच इंच उठेल एवढा ठेवला. चेन मोजली: डावी 422, उजवी 420. ऑगरची बोटं ठीक आहेत. क्लचचे दाते थोडे गोल आहेत, स्प्रिंगला हात लावला नाही.

वाळलेल्या भागात चालवून बघितलं, माल सलग जातो. खडखड गेली. बांधाकडेला तण आणि हिरवट झाडं आहेत, तिथे क्लच अजून एखाद्या वेळी करकरतो.

पान्हा_एकोणीस
आता एक कडी काढा आणि दोन्ही चेनी सारख्या करून घ्या.

ओळंबा
422 म्हणजे 2 टक्क्यांच्या आत आहे, चालेल. पण डावी-उजवी 2 मिमीचा फरक 10 कड्यांत आहे, पूर्ण लांबीत तो बराच वाढतो. मशीन उघडं आहे तोवर दोन्ही चेनी उलटसुलट तपासा आणि क्लचचे गोल दाते तेवढे बदलून घ्या. हे आत्ताच करा.

सुगीवाला
एवढं उघडलंच आहे तर नवीन टाकून मोकळे व्हा.

शिवारकर
क्लचचे दाते बदला, बाकी राहू द्या.

काळेरान
तुमचं सगळ्यांचं पटतंय, पण यातलं काहीच आत्ता करणार नाही. शेंगा फुटायला आल्यात, मशीन दोन दिवस उभं ठेवलं तर जे वाचेल त्यापेक्षा जास्त जमिनीवर पडेल. वाळलेला भाग आधी कापतो, दव पूर्ण उठल्यावर सुरुवात करतो, बांधाकडचा हिरवा पट्टा शेवटी आणि तोही पुढचा वेग कमी ठेवून. दर संध्याकाळी झाकण उघडून पट्ट्या आणि बोल्ट बघणार. 10 कड्यांचं माप झाकणाच्या आतल्या बाजूला पेंटने लिहून ठेवलंय, म्हणजे पुढे वाढली तर कळेल.

ओळंबा
दाते तरी बदलायला हवे होते. असो. क्लच करकरला की लगेच पुढे जाणं थांबवा, रेटू नका.

बारमाही
याच धाग्यात विचारतो. माझ्या फीडरला तीन चेनी आहेत आणि मधलीच सैल पडते, बाजूच्या दोन्ही टाइट. तिन्ही एकदमच बदलल्या होत्या. मधली एकटीच का वाढते?

सुगीवाला
557 टाका.