दंडावरचा सेन्सर आणि पॅरासिटामॉल

मधुमेहींच्या दंडावर लावतात त्या सतत साखर मोजणाऱ्या सेन्सरचा आकडा बोट टोचून काढलेल्या साखरेशी जुळत नाही म्हणून तो बिनकामाचा, असं काही जण म्हणतात. हे पटलं नाही. सेन्सरची तार रक्तात नसतेच, ती त्वचेखाली पेशींच्या मधल्या द्रवात असते. रक्तातली साखर तिथे पोचायला काही मिनिटं जातात, त्यामुळे जेवणानंतर दोन आकडे वेगळे येणारच. पडताळायचं तर साखर स्थिर असताना पडताळा.

फारशी चर्चेत नसलेली, पण इन्सुलिन घेणाऱ्यांनी नक्की लक्षात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे पॅरासिटामॉल. साखरेवर क्रिया करणारं ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) इलेक्ट्रोडपाशी बसवून साखर मोजायची कल्पना अमेरिकी शास्त्रज्ञ लेलँड क्लार्क यांनी १९६२ मध्ये मांडली आणि आजचे बरेच सेन्सर त्याच विकरावर चालतात. त्यांपैकी अनेकांत विकरामुळे तयार होणारं हायड्रोजन पेरॉक्साइड इलेक्ट्रोडवर विजेचा प्रवाह देतं, तोच मोजला जातो. पॅरासिटामॉलही तिथे तसाच प्रवाह देतं, म्हणून काही सेन्सर तापाच्या गोळीनंतर साखर खोटीच वाढलेली दाखवतात. तो आकडा बघून इन्सुलिन टोचलं तर साखर खरोखरच धोकादायक खाली जाईल! नव्या सेन्सरांत हा दोष बराच कमी झालाय, तरी आपल्या सेन्सरचं माहितीपत्रक वाचाच.

आणि रात्रीचे अलार्म: आईला साखर कमी झाल्याचा इशारा यायचा तो बहुतेक वेळा सेन्सर लावलेल्या बाजूच्या कुशीवर झोपल्यावर. दाबामुळेही आकडा खोटा खाली येतो. आम्ही अशा वेळी बोट टोचून खात्री करतो.