काठमांडू: दिवसा देवळं, रात्री ठमेल, जमेल का?

भटकी: वसतिगृहात ओळख झालेले चौघे आहोत, एक जर्मन मुलगी धरून. दोनच दिवस हातात आहेत. पशुपतिनाथ आणि ठमेल, म्हणजे दुकानांचा-बारचा गजबजलेला भाग, एकाच दिवशी करावं का?

घाटवाटा: नक्की करा, आम्ही तसंच केलं होतं. पशुपतिनाथाच्या मुख्य मंदिरात फक्त हिंदूंनाच प्रवेश आहे, त्यामुळे तुमच्या मैत्रिणीला दारातूनच परतावं लागेल. हे तिला आधीच सांगा. आमच्यातल्या एकीला तिथे पोचल्यावर कळलं आणि तिचा चेहरा पडला, मला आजही वाईट वाटतं. बागमतीच्या काठावरची संध्याकाळची आरती मात्र सगळ्यांना बघता येते. इकडे दिवे फिरतात, घंटा वाजतात, आणि पलीकडे घाटावर चिता जळत असते. आमच्यातलं कुणीच बराच वेळ बोललं नाही. चितांचे फोटो कृपा करून काढू नका. कातडी पट्टा घालूनही जाऊ नका, आत चालत नाही.

तिथून लगेच गोंगाटात शिरू नका. आधी बौद्धनाथला स्तूपाभोवती एक फेरी मारा, उजवी घालून. मग ठमेल. तिथे तोंगबा ही दारू मागवा: उंच भांड्यात आंबवलेली नाचणी, वरून गरम पाणी, आणि नळीने ओढायचं. पाणी पुन्हा पुन्हा घालतात, म्हणून बेताने प्या.

पायवाट: दुसऱ्या दिवशी पहाटेच टेकडीवरचा स्वयंभूनाथ स्तूप गाठा. ३६५ पायऱ्या आहेत, आणि खाऊ पिशवीत ठेवा, माकडं हातातून ओढतात.

भटकी: तिला आत्ताच सांगितलं. म्हणाली, आरतीलाच येते.