मदत हवी आहे: सॅन होजेमध्ये मोबाइल होम पार्कचं जागाभाडं वाढलंय

नमस्कार मंडळी, इथे कॅलिफोर्नियात कोणी मोबाइल होम पार्कमध्ये राहतं का? आम्ही ३ वर्षांपूर्वी सॅन होजेत डबलवाइड (कारखान्यात दोन भागांत बनवून जागेवर जोडलेलं मोबाइल होम) घेतलं, बे एरियात बाकी काही परवडण्यासारखं नव्हतंच. घर आमच्या नावावर, पण खालची जागा पार्कची, तिचं महिन्याला ११५० डॉलर भाडं. आता मॅनेजमेंट बदललंय आणि पत्र आलंय की पुढच्या महिन्यापासून १३२५, वर ५ वर्षांचं नवीन लीज लवकर सही करा म्हणून मागे लागलेत, ऑफिसातली बाई तर रोज दार वाजवते.

मी थोडं वाचलं. राज्याचा मोबाइलहोम रेसिडेन्सी लॉ आहे, त्यात भाडं वाढवायला ९० दिवस आधी लेखी नोटीस लागते, आम्हाला जेमतेम ३५ दिवस दिलेत. शिवाय शहराचा रेंट ऑर्डिनन्स (भाडेवाढीवर मर्यादा घालणारा नियम) जुन्या पार्कांना लागू आहे, त्यात वर्षाला जास्तीत जास्त ७% म्हणतात, आणि आमची वाढ तर १५% च्या वर जाते! लीज १२ महिन्यांपेक्षा जास्त नको असं आपण सांगू शकतो ना?

मुख्य भीती ही की सही नाही केली तर बाहेर काढतील का? कायद्यात ठरलेली कारणं आणि ६० दिवसांची नोटीस लागते असं दिसतंय, पण प्रत्यक्षात काय होतं? नावाला मोबाइल, हलवायचं म्हटलं तर हजारो डॉलर, आणि न्यायचं कुठे!

कोणी एचसीडीकडे (राज्याचा गृहनिर्माण विभाग) किंवा शहराच्या हाउसिंग डिपार्टमेंटकडे तक्रार केली असेल तर अनुभव सांगा प्लीज. तोवर जुनंच भाडं चेकने भरत राहू का?