विषय: हरणाची शिंगं नाशिकला न्यायची आहेत, बॅगेत चालतील का?

प्रेषक: पंचवटीकर, फोर्ट कॉलिन्स
मंगळवार

नमस्कार मंडळी,
पुढच्या आठवड्यात निघतोय, म्हणून घाईत लिहितोय. लेकीने इथे कोलोरॅडोत शिकार केलेल्या म्यूल हरणाची शिंगं उकळून, घासून तयार आहेत. शिंगं आणि कवटीची वरची चकती, बाकी काही नाही. मोठ्या बॅगेत बसतात, बघितलं. आबांनी पंचवटीच्या घरात ओटीवर जागा करून ठेवली आहे, रोज फोनवर विचारतात. मुंबईला कस्टममध्ये जाहीर करायचं का? कुठला कागद लागतो? अण्णा, तबल्याच्या वेळी तुम्ही ज्यांच्याशी बोललात त्यांचा नंबर आहे का?

प्रेषक: अण्णा, डेन्व्हर
मंगळवार

तबल्याचं वेगळं. ते बकऱ्याचं कातडं होतं आणि इकडे येत होतं.

शिंगं नेऊ नका. आपला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात ‘ट्रॉफी’च्या व्याख्येत शिंगं सरळ लिहिलेली आहेत. इथलं म्यूल हरीण त्या कायद्याच्या यादीत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण कलम ५७ वाचा. वन्यप्राण्याची वस्तू तुमच्या ताब्यात सापडली की ती बेकायदाच आहे असं गृहीत धरतात, आणि तसं नाही हे सिद्ध करायचं काम तुमचं. म्हणजे तुम्ही जानेवारीत परत येणार आणि भिंतीवरच्या शिंगांची उत्तरं नाशिकला आबा देत बसणार. शिवाय प्राणिजन्य वस्तूंना पशुधन आयात कायदा आहे, १८९८ चा. परवानगी आधी घ्यायची असते, विमानतळावर नाही.

प्रेषक: येवल्याची ताई
बुधवार

अण्णा अगदी बरोबर. आमच्या येवल्याच्या वाड्यात पणजोबांच्या वेळची काळविटाची शिंगं आहेत, पीळदार, हातभर लांब. काळवीट त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, त्यामुळे आजोबांनी त्यांची नोंद करून मालकीचं प्रमाणपत्र घेतलं होतं. काका वारले तेव्हा कपाटातून सगळ्यात आधी तो कागद शोधला, मग घराचा उतारा. शिंगं घरात राहतात, पण विकता येत नाहीत. ज्यांनी तेव्हा नोंद केली नाही त्यांना २००३ मध्ये १८० दिवसांची मुदत मिळाली होती, ती गेली ती गेलीच.

आणि आता पणजोबांच्याच त्या माळावर, ममदापूर-राजापूरला, काळविटांसाठी राखीव क्षेत्र आहे. उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात ती विहिरीत पडतात. गावकरी रात्रीबेरात्री दोर घेऊन धावतात. आमच्या चुलत्यांनी स्वतः बाहेर काढलंय. ज्याने एवढ्या जिवावर उदार होऊन एक पाडस वर काढलं, त्याला भिंतीवरची शिंगं कशी बघवतील, सांगा.

प्रेषक: सिन्नरकर, बोल्डर
बुधवार

कलम वगैरे ठीक, पण ओळखण्यात घोटाळा व्हायचं कारण नाही. सांबर आणि चितळ दोघांच्या एका शिंगाला साधारण तीन टोकं असतात. म्यूल हरणाचं शिंग दुभंगतं आणि मग प्रत्येक फांदी पुन्हा दुभंगते. वनखात्याच्या माणसाला एका नजरेत कळेल. सोबत इथल्या परवान्याची प्रत ठेवा, झालं.

प्रेषक: अण्णा, डेन्व्हर
बुधवार

सिन्नरकर, तो नजरवाला माणूस रात्री दोन वाजता विमानतळावर असेल का? तिथे कस्टमचा अधिकारी असेल. त्याला शंका आली तर तो वस्तू ठेवून घेईल आणि वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोला विचारेल. तोवर यांची नाशिकची गाडी निघून जाईल. प्रवासाचे आणि कस्टमचे प्रश्न गेली अनेक वर्षं या मेलिंग लिस्टवर मी बघतोय, कृपया अर्धवट सल्ले नकोत. पंचवटीकर, नेणारच असाल तर आधी लेखी विचारा आणि लेखी उत्तर हातात असल्याशिवाय बॅग भरू नका.

प्रेषक: माई, लव्हलँड
बुधवार

मला कायद्याचं काही बोलायचं नाही. मला तेरा वर्षांच्या मुलीचं बोलायचं आहे. आपण पंचवटीचे. सोन्याच्या हरणामागे राम गेले ते तिथूनच, आणि पुढे काय झालं ते लहान मूलही सांगेल. नांदूर मधमेश्वरला मृगव्याधेश्वराचं देऊळ आहे, मारीच तिथे पडला असं आमच्याकडे मानतात. लहानपणी तिथे गेलं की आजी हात जोडून हरणाचीही क्षमा मागायला लावायची. घरात सहाणेशेजारी सांबरशिंगाचा तुकडा होता, बाळांच्या छातीला उगाळून लावायला. पण ते झडलेलं शिंग, असं ती निक्षून सांगायची. मुलीच्या हातात बंदूक द्यायची वेळ आपल्यावर का यावी?

प्रेषक: पंचवटीकर, फोर्ट कॉलिन्स
बुधवार, उशिरा

माई, तुम्ही तिला पाळण्यापासून ओळखता, म्हणून सविस्तर लिहितो.

परवाना तिच्या नावावर होता. माझ्या हातात बंदूक नव्हती. इथे १२ ते १५ वयाच्या मुलांबरोबर मोठं माणूस असावंच लागतं, आणि दुर्बीण किंवा रेडिओशिवाय दोघांना एकमेकांचं दिसलं-ऐकू आलं पाहिजे असा नियम आहे. मला तो नियम फार आवडतो. दिवसभर लेक हाकेच्या अंतरावर, फोन नाही, बोलणंही कुजबुजत. तिच्या शाळेतल्या कितीतरी गोष्टी मला त्या डोंगरात कळल्या.

सकाळी धारेवर मोठा नर उभा होता, आडवा, हवा तसा. तिने बंदूक खांद्याला लावली, श्वास धरला, आणि बंदूक खाली घेतली. म्हणाली, “बाबा, मागे आभाळ आहे.” जनावराच्या मागे माती दिसलीच पाहिजे, गोळी आरपार गेली तर कुठे अडणार हे आधी माहीत हवं, असं शिकारीच्या सुरक्षा वर्गात शिकवतात. तो नर सावकाश पलीकडे उतरून गेला. तिने एकदाही हळहळ केली नाही. मोठ्या माणसांकडून हे होत नाही, मी पाहिलंय.

दुपारनंतर खाली ओहोळात, अ‍ॅस्पेनच्या झाडीत लहान नर दिसला. मागे मातीचा उतार. एक गोळी, खांद्याच्या मागे, दहा पावलांत पडला. ती रडली. मग डोळे पुसून सुरी मागितली. पोट आम्ही दोघांनी साफ केलं, चारही फरे पाठीवरून गाडीपर्यंत आणले. खाण्याजोगं मांस टाकून देणं इथे गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. त्या दिवसापासून ती ताटात मटण उरवत नाही. माई, आपण सगळे मटण खातोच. ते कुठून येतं हे तिला माहीत आहे, एवढाच फरक.

आबांना शिंगं हवीत ती तिने सोडून दिलेल्या त्या मोठ्या नरासाठी. त्यांनी ती गोष्ट माझ्याकडून तीनतीनदा ऐकली.

प्रेषक: जेवण समिती
गुरुवार

विषय मटणाचा निघालाच आहे म्हणून. मंडळाच्या संक्रांतीच्या जेवणाला हे मांस हॉलवर आणू नये. दिवाळीच्या वेळचं सगळ्यांना आठवत असेल. हॉलच्या स्वयंपाकघरात काय शिजतं याची जबाबदारी आमच्या सहीवर असते. शिवाय हरणांमध्ये तो मेंदूचा रोग आहे ना?

प्रेषक: पंचवटीकर, फोर्ट कॉलिन्स
गुरुवार

आणणार नव्हतोच. पण रोगाचं बरोबर विचारलंत. १९६७ मध्ये तो पहिल्यांदा लक्षात आला तो इथेच, फोर्ट कॉलिन्सला, संशोधनासाठी कोंडलेल्या म्यूल हरणांमध्ये. तो शिजवून जात नाही. माणसाला झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, तरी बाधित जनावर खाऊ नये असंच आरोग्य खातं सांगतं. म्हणून डोकं तपासणीला दिलं होतं आणि अहवाल येईपर्यंत फ्रीजरमधलं एक पाकीटही उघडलं नाही. अहवाल चांगला आला.

प्रेषक: इंदिरानगर, ऑरोरा
गुरुवार

वाद चालू द्या, मला एक विचारायचंय. माझा मुलगा यंदा १२ पूर्ण करेल, खूप मागे लागलाय. वर्ग कुठे करायचा? मी अजून व्हिसावर आहे, त्याने काही अडतं का?

प्रेषक: पंचवटीकर, फोर्ट कॉलिन्स
शुक्रवार

अण्णा, शिंगं नेत नाही. आबांना फोनवर कलम ५७ वाचून दाखवलं. ते निवृत्त तलाठी, ताबा आणि पुरावा हे दोन शब्द ऐकल्यावर पुढचं ऐकायची गरज उरली नाही. लेक म्हणते, ती त्या धारेवरच्या नराचं चित्र काढून नेते, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

इंदिरानगर, मोठ्या जनावराचा परवाना १२ वर्षांपासून मिळतो. हरणाचा सोडतीने निघतो, अर्ज एप्रिलच्या पहिल्या मंगळवारपर्यंत. त्याआधी सुरक्षा वर्गाचं कार्ड हातात हवं, त्याचंही आणि बरोबर जाणार म्हणून तुमचंही. वर्ग राज्याच्या वन्यजीव खात्याच्या वेबसाइटवर सापडतील, प्रत्यक्ष बसून करा, नुसता ऑनलाइन नको. तुम्ही व्हिसावर आहात, तर वैध शिकार परवाना स्वतःच्या नावावर असल्याशिवाय बंदूक हातातही घेऊ नका, मुलाची सांभाळायलासुद्धा नाही. हा केंद्राचा कायदा आहे, वकिलाला एकदा विचाराच. भगवं जाकीट ५०० चौरस इंचांचं लागतं, टोपी वेगळी. लेकीचं गेल्या वर्षीचं तोकडं झालंय, तुमच्या मुलाला येईल. रविवारी दुपारपर्यंत घरी आहोत, येऊन घेऊन जा.