मदत हवी आहे: छोटे बटाटे हवे होते, पण इतके छोटे नव्हेत (मुरबाड, जि. ठाणे)

राहतो ठाण्यात, मुरबाडजवळ सासऱ्यांची भातखाचरं आहेत. भात निघाला की तिथे वाल, दुसरं काही नाही. ओळखीचा एक केटरिंगवाला दम आलूसाठी लिंबाएवढा, एकसारखा बटाटा मागतो. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटातून गोणी आणून त्यातले लहान निवडत बसतो बिचारा. म्हटलं, आपणच लावू.

गेल्या वर्षी हळवा भात निघाल्या निघाल्या, दसऱ्याच्या सुमारास दोन गुंठे लावले. बेणं म्हणजे बाजारातलेच बटाटे, दोन-दोन डोळे ठेवून कापलेले. बऱ्याच फोडी जमिनीतच कुजल्या. उरलेल्यांना पाला असा आला की लोक बघायला यायचे. युरियाही दोनदा दिला होता. ७५ दिवसांनी उपटलं तर खाली वाटाण्याएवढे दाणे! सासरे काही बोलले नाहीत. यंदा मला एकच गुंठा मिळालाय.

लावणी कधी करू? छोट्या बटाट्याचा वेगळा वाण असतो का?

प्रतिसाद १:
घाई नडली तुम्हाला. ऑक्टोबरात जमीन तापलेली असते, त्यात कापलेली फोड कुजतेच. शिवाय कंद धरायला रात्र थंड लागते, १५ ते २० अंश. रात्री उबदार असल्या की झाड नुसता पाला वाढवतं, त्यात तुमचा युरिया. नोव्हेंबरच्या मध्यानंतर लावा, म्हणजे कंद धरायचे आणि पोसायचे दिवस डिसेंबर-जानेवारीत येतील.

छोट्यासाठी वेगळा वाण शोधू नका, दाटी करा. ३०-४० ग्रॅमचं अख्खं बेणं घ्या. कोंब जास्त तितके फाटे जास्त, आणि कंदही. एरवी दोन झाडांत २० सेंमी ठेवतात, तुम्ही १५ ठेवा. साठाव्या दिवसापासून एखादं झाड उकरून बघत जा. लिंबाएवढे दिसले की पाणी तोडा, पाला जमिनीलगत कापा आणि १०-१५ दिवस हात लावू नका. साल पक्की होते, नाहीतर गोणीतच सोलून निघेल.

वाण विचाराल तर कुफरी सूर्या. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचा, उष्णता सोसणारा. बेण्यासाठी मंचरला चौकशी करा, तिथे पंजाबचं बेणं येतं.

प्रतिसाद २:
मातीची भर लावताना हात आखडू नका. दाटीत कंद वर येतात, ऊन लागलं की हिरवे पडतात. तुमचा माणूस सालासकट वापरणार, हिरवा एकही चालायचा नाही. भाताचा पेंढा अंथरलात तर जमीनही थंड राहील.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. हिशेब केला: सरी ५० सेंमी, झाडं १५ वर, तर गुंठ्याला साधारण १३५० बेणी, म्हणजे ४५-५० किलो. एवढे बटाटे पुरायचे हे सासऱ्यांना कसं सांगायचं, ते माझं मी बघतो. पण गोणी आणल्यावर लगेच लावायची का?

प्रतिसाद १:
शीतगृहातून निघालेलं असेल तर नाही. आठ-दहा दिवस सावलीत, पण उजेडात, एका थरात पसरा. आखूड, जाड कोंब आले की लावा. लांब पांढरे आले तर समजा, खोलीत अंधार होता.